घरात बूट-चपला: दारातच काढायच्या की आत चालतील?

निळाई

गेले कित्येक दिवस घरात हा एकच विषय धुमसतोय, म्हणून शेवटी इथे धागा काढते आहे.

आम्ही तीन पिढ्या एकत्र राहतो. नवऱ्याचं म्हणणं, बाहेरचं पायताण दाराच्या आत येता कामा नये, चर्चा बंद. सासऱ्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, तळपायाची संवेदना कमी झालीय आणि डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी फिरायला सक्त मनाई केलीय. ते हा सल्ला अक्षरशः पाळतात. ज्या बुटांनी बाहेर फिरून येतात त्याच बुटांनी थेट पलंगापर्यंत! आणि धाकटं पिल्लू आता रांगायला लागलंय. फरशीवर जे दिसेल ते तोंडात.

नवरा बाळाकडे बोट दाखवतो, सासरे स्वतःच्या पायाकडे. मग दोघंही माझ्याकडे वळून म्हणतात, "तूच सांग."

तर दोन प्रश्न. एक, यात आरोग्याचा मुद्दा खरंच किती आणि मनाला बरं वाटण्याचा किती? दोन, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बूट काढा असं सांगायचं का, आणि कसं? "आमच्याकडे पहिल्यापासून असंच" हे उत्तर कृपया नको. पहिल्यापासून प्रत्येकाकडे काहीतरी असतंच.

तिरपागडा

सोपं आहे. घरात लादी कोण पुसतं? त्याचं मत ग्राह्य. बाकीच्यांना मताधिकार नाही.

खडूफळा

+१. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

अर्धविराम

बंद कशाला, पुरावा आहे ना. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी २००८ मध्ये बुटांची तपासणी केली होती. बुटाच्या बाहेरच्या भागावर सरासरी ४,२१,००० जिवाणू सापडले. बहुतेक बुटांवर कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेशी संबंध असू शकणारे जिवाणूसुद्धा होते. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या ओल्या फरशीवर उभं राहून आलेला बूट तुम्ही बाळाच्या चटईजवळ नेणार? मला तर नुसत्या कल्पनेने कसंतरी होतं.

पायवाट

अर्धविराम, हा आकडा इंटरनेटवर दर वर्षी नव्याने फिरतो. तो अभ्यास एका बूट बनवणाऱ्या कंपनीबरोबर केलेला होता आणि तपासलेले जोड मोजकेच होते, हे मात्र त्याच्याबरोबर फिरत नाही. ते सोडलं तरी नुसत्या संख्येने काय कळतं? आपल्या कातडीवर आणि आतड्यात याच्या कैक पट जिवाणू सुखाने नांदतात. जंतू कोणता, किती आणि शरीरात कुठल्या वाटेने शिरतो यावर आजार ठरतो. धडधाकट मोठा माणूस फरशीवर चालतो, फरशी चाटत नाही.

हेच करोनाच्या वेळी झालं. २०२० मध्ये चीनमधल्या वुहानच्या एका रुग्णालयातून बातमी आली की कर्मचाऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांवरचे निम्मे नमुने पॉझिटिव्ह निघाले. ते अतिदक्षता विभागातले कर्मचारी होते, आणि सापडली ती विषाणूची जनुकीय खूण. विषाणू जिवंत होता की नाही हे त्या चाचणीतून ठरत नाही. पण लोकांनी भाजी आणायला गेलेल्या चपलाही फिनाइलने धुतल्या.

जंतूंपैकी एकच मी गंभीरपणे घेतो: क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, हा जोराचे जुलाब लावणारा जिवाणू. याचे बीजाणू चिवट असतात, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत, आणि अमेरिकेतल्या ह्युस्टन शहरात घराघरांतून घेतलेल्या नमुन्यांत ते बुटांच्या तळव्यांवर मिळालेही होते. पण त्याचा त्रास मुख्यतः कुणाला होतो? नुकतीच अँटिबायोटिक्स घेतलेल्यांना, वृद्धांना, रुग्णालयातून घरी आलेल्यांना. तान्ह्या बाळांच्या पोटात तो बरेचदा काहीही न करता असतो. म्हणजे या एका जंतूच्या बाबतीत निळाईंनी बाळापेक्षा सासऱ्यांची काळजी जास्त करायला हवी. आहे की नाही गंमत.

साधीसुधी

म्हणजे घालू का बूट घरात? मला फक्त हो किंवा नाही हवं आहे.

पायवाट

नाही. पण कारण जंतू नव्हे, धूळ.

जरा लांबण लावतो. विसाव्या शतकात बराच काळ पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत असत, इंजिनाचा ठोका बंद करायला. एकेका देशाने ते थांबवलं. भारतात २००० मध्ये बंद झालं, सगळ्यात शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियात, आणि तेव्हापासून मोटारींसाठी तसं पेट्रोल जगात कुठेच विकलं जात नाही. पेट्रोल गेलं, शिसं गेलं नाही. ते कुजत नाही, विरत नाही, रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात तसंच पडून राहतं. जुन्या इमारतींच्या रंगाचे पोपडे पडतात त्यांतही ते असू शकतं. ही माती बुटाच्या खाचांमधून घरात येते आणि फरशीच्या सांध्यांत, गालिच्याच्या मुळाशी जाऊन बसते.

आता तुमचं रांगतं बाळ घ्या. त्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर, हात सतत फरशीला आणि तेच हात तोंडात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसं शोषून घेतं, आणि ज्याखाली धोका नाही अशी शिशाची कुठलीही पातळी माहीत नाही. मुलाच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. हे बाळ खोकत नाही, त्याला ताप येत नाही. परिणाम होतो तो मेंदूच्या वाढीवर, आणि तो दिसेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात.

म्हणूनच अमेरिकेची पर्यावरण संस्था शिशापासून बचावाच्या सूचनांमध्ये बूट काढून किंवा पुसून घरात यायला सांगते. ४,२१,००० जिवाणू ऐकून लोक दचकतात, शिसं ऐकून जांभई देतात. खरं तर उलट व्हायला हवं.

तणनाशकांचंही असंच. हिरवळीवर २,४-डी फवारल्यावर ते माणसांच्या बुटांतून आणि कुत्र्यांच्या पंजांतून घरात येतं, हे तिथे घराघरांत मोजून पाहिलेलं आहे. बाहेर ऊन-पावसाने ते विघटित होत राहतं. घरातल्या गालिच्यावर ना ऊन ना पाऊस.

अर्धविराम

म्हणजे शेवटी मीच बरोबर. बूट बाहेर.

पायवाट

उत्तर बरोबर, रीत चूक. गणिताच्या पेपरात अर्धे गुण.

घोंगडी

मला ही अतिस्वच्छताच पटत नाही. मुलांना माती लागली पाहिजे, नाहीतर अ‍ॅलर्जी होतात. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांचं १९८९ मधलं संशोधन वाचा. लोक मुलांना काचेच्या पेटीत ठेवतात आणि मग शिंका मोजत बसतात.

पायवाट

घोंगडी, तो लेख मीही वाचलाय. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागज्वर, म्हणजे परागकणांची अ‍ॅलर्जी कमी, असं स्ट्रॅचन यांना आढळलं. त्यावरून त्यांनी लहानपणी होणाऱ्या संसर्गांचा तर्क मांडला. बुटांचा त्यात संबंध नाही. पुढे २००३ मध्ये ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ग्रॅहम रूक यांनी हाच विचार बदलून मांडला: माणूस ज्या सूक्ष्मजीवांसोबत उत्क्रांत झाला त्या 'जुन्या मित्रांशी' ओळख व्हायला हवी. हे मित्र मातीत, जनावरांत, इतर माणसांत भेटतात. डांबरी रस्त्यावरच्या टायरच्या भुकटीत कसे भेटतील? मुलाला खुशाल झाडाखालच्या मातीत खेळवा, खाण्याआधी हात धुवा. त्यासाठी दिवाणखान्यात बूट आणायची गरज नाही.

घोंगडी

बरं. पण उद्या मूल शिंकलं तर मी इथे येऊन लिहीनच.

रेघोट्या

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे सगळे बाळाबद्दल बोलताहेत, आजोबांचं कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

निळाई, तुमचे सासरे हट्टी नाहीत. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. त्यांच्या मार्गदर्शक सूचना अगदी स्पष्ट आहेत: ज्यांच्या पायाला जखमेचा धोका आहे त्यांनी अनवाणी चालू नये, नुसते मोजे घालून चालू नये, पातळ तळाच्या सपातांनीही चालू नये, घरात नाही आणि बाहेरही नाही. 'घरात नाही' हे त्यात मुद्दाम आहे. संवेदना गेलेल्या पायात टाचणी शिरली तरी कळत नाही, संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसतं तेव्हा समजतं. संवेदना किती उरलीय हे नायलॉनच्या एका तारेने तपासतात; १० ग्रॅम दाबाला ती वाकते. तळव्याला ती टेकवल्याचं ज्याला कळत नाही, त्याने 'माझं घर आहे, इथे काय टोचणार' या भरवशावर राहू नये.

फक्त डॉक्टर 'पाय झाका' म्हणाले, 'तेच बूट घाला' म्हणाले नाहीत. दुसरा जोड घ्या, जो उंबरा कधीच ओलांडणार नाही. पण तो निवडताना घाई नको. नुसत्या सरकवायच्या, मागून उघड्या सपाता नकोत. त्या पायातून निसटतात आणि माणूस पडतो. टाचेला मागून आधार, वरून वेल्क्रोचा पट्टा, तळ जाड पण न घसरणारा, आतून शिवण टोचणार नाही असा. घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघायचं, कारण आत खडा राहिला तरी पायाला कळणार नाही. जखम झालेली असेल, पायाचा आकार बदललेला असेल तर बाजारातला तयार जोड घेऊच नका, पाय तपासणाऱ्यांना विचारून घ्या.

आणि मधुमेह नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काय? त्यांच्यासाठीही 'घरी काय, मोजे पुरेत' हा सल्ला वाईट आहे. घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलेलं आहे. गुळगुळीत फरशी आणि मोजे ही तर सगळ्यात वाईट जोडी. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिलंय त्यांना फरशीवरच्या डागाचं काही वाटत नाही.

रांगत्या आणि नव्याने चालणाऱ्या मुलांचं उलट. घरात, स्वच्छ जमिनीवर अनवाणीच बरं. बोटांनी जमीन पकडूनच तोल यायला लागतो.

निळाई

रेघोट्या, मनापासून आभार. हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासरे खूश, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मग दुसऱ्या जोडाचा भाग आला तेव्हा म्हणाले, "दारात उभं राहून बूट बदलायला मी काय सर्कशीत आहे?" आता यावर काय बोलू?

रेघोट्या

काही बोलू नका, कारण ते बरोबर आहेत. दारात एका पायावर उभं राहून, वाकून, भिंतीला हात टेकत बूट काढणं ही त्यांच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची कसरत आहे. 'बूट बाहेर' असा नियम करणारे लोक तिथे बसायची सोयच करत नाहीत, हा माझा जुना राग आहे.

दाराशी हात असलेली पक्की खुर्ची ठेवा. स्टूल नको, ते कलंडतं. भिंतीला आधाराचा दांडा. लांब दांड्याचा शू-हॉर्न, म्हणजे वाकायला नको. तिथे दिवा असू द्या. आणि चपलांचा ढीग वाटेत पसरलेला नको. धडपडायला तोच ढीग पुरतो.

कोपरा

पाहुण्यांबद्दल लिहितो. माझा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. तो बसवताना बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला असतो. बूट काढला की तेवढी टाच कमी होते आणि मागे झुकल्यासारखं वाटतं. शिवाय बूट काढला की सगळ्यांच्या नजरा तिकडे.

म्हणून दारावर 'बूट काढा' अशी पाटी दिसली की मी बाहेरूनच काम उरकतो. यजमान वाईट नसतात, पण मला दरवेळी दारात माझ्या पायाचा इतिहास सांगायचा नसतो. नियम जरूर करा, त्याला एक सवलत ठेवा, आणि ती मागताना कारण द्यावं लागू नये.

खडूफळा

कोपरा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या दारावरची पाटी आज काढतो.

तिरपागडा

पाटी काढा, पण पाहुणे सगळेच कोपरांसारखे नसतात. आमचे एक स्नेही चिखलाचे बूट घेऊन गालिच्यावर येतात आणि वर म्हणतात, "तुमच्याकडे फार औपचारिकता नाही, हे मला आवडतं."

साधीसुधी

मी यजमान म्हणून स्वतः अनवाणी किंवा घरातल्या सपातांनी दार उघडते आणि बूट ठेवायची जागा रिकामी, समोर दिसेल अशी ठेवते. दहातले नऊ जण आपणहून काढतात. दहाव्याशी मी भांडत नाही, तो गेल्यावर पुसून घेते. फाटका मोजा लपवत अवघडून बसलेला पाहुणा मला फरशीवरच्या मातीपेक्षा जास्त त्रास देतो.

अर्धविराम

दहाव्याशीच तर भांडायला हवं! त्याला माहीत असतं, मुद्दाम करतो.

साधीसुधी

तुम्ही भांडा. माझी फरशी, माझा पोछा.

भरणी

लादी-फरशीचं काम करतो, म्हणून दोन शब्द. वाळूत क्वार्ट्झ असतं, खनिजांच्या मोहस मापावर त्याची कठीणता ७. संगमरवराची ३. म्हणजे तळव्याला चिकटलेला वाळूचा कण संगमरवरावर रोज ओरखडा काढतो. हे ओरखडे सुटे दिसत नाहीत, सगळी चमकच मंदावते आणि लोक म्हणतात दगड हलका निघाला. दगड हलका नव्हता, दारातली वाळू आत आली. ग्रॅनाइटला तेवढा त्रास नाही. लाकडी जमिनीवरचा लाखेसारखा थरही वाळूने घासला जातो, आणि स्त्रियांच्या बारीक टाचांच्या बुटांनी तर लाकडात खळगे पडतात, कारण सगळं वजन नखाएवढ्या जागेवर येतं.

पायपुसणं एक पुरत नाही. बाहेर खरखरीत, आत मऊ आणि लांब, म्हणजे दोन-तीन पावलं त्यावर पडतील. झटकलं नाही तर तेच पायपुसणं धुळीचं कोठार होतं. आणि बारीक धूळ कोरड्या केरसुणीने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे तर नक्कीच.

पायवाट

भरणींना जोडून एक महत्त्वाचं. कुणी बॅटऱ्यांच्या कारखान्यात, भंगारात, जुना रंग खरवडण्याच्या किंवा सोल्डरिंगच्या कामावर असेल, तर त्याच्या बुटांचा प्रश्न वेगळाच. कामावरचं शिसं बूट आणि कपड्यांतून घरी जाऊन मुलं आजारी पडल्याची उदाहरणं इतकी होती की अमेरिकेत १९९२ मध्ये खास कायदा करून त्याचा अभ्यास करायला लावला. अशांनी कामाचे बूट कामावरच ठेवावेत. तिथे सवलतबिवलत नाही.

घोंगडी

अवांतर: भूकंपप्रवण भागात राहणाऱ्यांनी एक मजबूत जोड पलंगाशेजारी ठेवावा असं आपत्ती व्यवस्थापनवाले सांगतात. रात्री हादरा बसला की फुटक्या काचांवर अनवाणी धावून पाय कापतात. म्हणजे बूट घरात हवेतच! (अर्धविराम, चिडू नका, स्वच्छ जोड म्हणतोय.)

निळाई

सगळ्यांचे आभार. सद्यस्थिती अशी: खुर्ची आली, दांडा उद्या बसेल. सासऱ्यांनी घरातला जोड स्वतः जाऊन निवडला, वेल्क्रोचा. नवऱ्याची कुरबुर चालूच आहे, "शेवटी बूट तो बूटच." त्याला पायवाट यांचा शिशाचा प्रतिसाद पाठवलाय. पाहुण्यांसाठी साधीसुधी यांचा मार्ग धरणार, कोपरा यांचं म्हणणं लक्षात ठेवून.

एक राहिलंच. बाळाच्या ढकलगाडीची चाकं? ती तर रोज बाहेरून थेट आत येतात. नवऱ्याला हे अजून सुचलेलं नाही.

कोपरा

चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माझ्या मित्राकडे दारातच एक ओलं आणि एक कोरडं जाड फडकं अंथरलेलं असतं. तो त्यावरून एकदोनदा मागेपुढे करतो. घासायला वेळ लागत नाही, पण फडकी वरचेवर धुवावी लागतात. काठीच्या रबरी टोपणाचंही तेच, ते कुणी कधीच पुसत नाही. ढकलगाडी शक्य असेल तर दारातच घडी करून ठेवा.

भरणी

आणि प्रवासाची बॅग पलंगावर उघडायची नाही. तिची चाकं कुठून कुठून फिरून आलेली असतात.

तिरपागडा

झालं. आता माझी बायको हा धागा वाचतेय.